कोशूची पहिली बाटली: जपानी पांढरी वाइन आणि तिच्याबरोबरचं ताट

टोकियोतल्या पहिल्याच हिवाळ्यात मी एका इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यावर, मोठ्या रुबाबात "कोशू" मागितली. समोर आलं ते चिंचेच्या कोळाच्या रंगाचं, सोया सॉस आणि मनुकांचा वास मारणारं पेय. वाढणाऱ्या मुलाची काही चूक नव्हती. जपानीत पहिला स्वर आखूड ठेवून "कोशू" म्हटलं की ती वर्षानुवर्षं मुरवलेली साके, म्हणजे तांदळाची दारू. दोन्ही स्वर ताणून "कोऽशूऽ" म्हटलं तर ती यामानाशी प्रांतातली पांढरी वाइन. पुढच्या आठवड्यात सुपरमार्केटमधून "देशी" म्हणून स्वस्तातली बाटली उचलली, ती सरबतासारखी गोड निघाली. तिसऱ्यांदा खरी कोशू हाती लागली, तर एक घोट घेऊन वाटलं, हे काय, लिंबू पिळलेलं पाणी?

उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी मीठ लावून भाजलेल्या माशाबरोबर काढली, आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली. कोशू एकटी प्यायची वाइन नाही. आधी ताटात काय आहे ते ठरवायचं आणि मग बाटली उघडायची. नव्याने जपानात आलेल्या किंवा फिरायला येणाऱ्या मंडळींनी माझ्यासारख्या तीन बाटल्या वाया घालवू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

लागणाऱ्या गोष्टी

- वयाचा पुरावा: इथे राहत असाल तर रहिवासाचं झाइर्‍यू कार्ड, पर्यटक असाल तर पासपोर्ट. जपानमध्ये २०२२पासून १८व्या वर्षी माणूस सज्ञान ठरतो, पण दारूसाठीची अट २० वर्षंच राहिली आहे.
- अरुंद तोंडाचा साधा वाइन ग्लास. नसेल तर पाण्याचा पातळ काचेचा चालेल. जाड मग नको.
- चांगलं मीठ, आणि सुदाची, काबोसु, युझू यांपैकी मिळेल ते लिंबू. साधं पिवळं लिंबूही चालतं.
- बूच काढायचा स्क्रू. बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, पण नेमकी आपल्याला आवडलेली बुचाची निघते.

१. द्राक्षाची ओळख करून घ्या

कोशू हे यामानाशी प्रांताचं जुनं नाव, आणि तेच तिथल्या द्राक्षाचंही. पिकल्यावर साल फिकट जांभळट-गुलाबी होते, वाइन मात्र पांढरी. जनुकीय तपासणीत दिसलं की हे द्राक्ष बहुतांशी युरोपातल्या वाइनच्या द्राक्षांच्याच कुळातलं आहे आणि त्यात चीनमधल्या रानद्राक्षाचा थोडा अंश मिसळलेला आहे. म्हणजे रेशीममार्गाने पूर्वेकडे सरकत आलेलं वाण. ते जपानात कसं उगवलं याच्या दोन दंतकथा आहेत. एक म्हणते, इ.स. ७१८ मध्ये ग्योकी नावाच्या भिक्षूला हातात द्राक्षाचा घड घेतलेल्या याकुशी न्योराईचं, म्हणजे आपल्या संस्कृत परंपरेतल्या भैषज्यगुरूचं दर्शन झालं. दुसरी म्हणते, ११८६ मध्ये आमेमिया कागेयु या गावकऱ्याला रानात हा वेल सापडला. यामानाशीतल्या कात्सुनुमा गावचे लोक दोन्ही सांगतात, आणि कोणती खरी असं विचारलं की ग्लास भरतात.

वाइन मात्र फार नंतरची. १८७७ मध्ये ताकानो मासानारी आणि त्सुचिया र्‍युकेन या कात्सुनुमाच्या दोन तरुणांना वाइन शिकायला फ्रान्सला पाठवलं गेलं. ते १८७९ मध्ये परतले आणि तिथून या खोऱ्यातला धंदा उभा राहिला. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या यादीत कोशूची नोंद झाली. त्यामुळे युरोपात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर वाणाचं नाव छापायची वाट मोकळी झाली.

नाशिककडच्या वाचकांना इथल्या बागा परक्या वाटणार नाहीत. वेल डोक्यावरच्या मांडवावर पसरलेले आणि घड खाली लोंबणारे. पावसाळी दमट हवेत खालून वारा खेळता राहावा म्हणून हा मांडव. आपल्याकडे घडांना उन्हापासून जपायला कागद लावतात, इथे पावसापासून जपायला प्रत्येक घडाला मेणकागदाची टोपी घालतात. हो, प्रत्येक घडाला, हाताने.

२. लेबल वाचायला शिका, निदान चार चिन्हं

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ३० ऑक्टोबर २०१८पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे "निहोन वाइन" हे शब्द फक्त जपानात पिकलेल्या द्राक्षांपासून जपानातच बनलेल्या वाइनवर छापता येतात. परदेशातून आटवलेला रस किंवा तयार वाइन आणून इथे बाटलीत भरली असेल तर तीही "जपानात बनलेली" असतेच, पण तसं पुढच्या लेबलावर सांगावं लागतं. ते बारीक अक्षर जपानीत असतं आणि आपण वरचं फुजी पर्वताचं चित्र बघून भुलतो.

कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतली अक्षरं, येत नसतील तर आकार लक्षात ठेवा. "निहोन"चं पहिलं चिन्ह मध्ये आडवी पट्टी असलेल्या उभ्या खिडकीसारखं, दुसरं बुंध्याला आडवी रेघ मारलेल्या झाडासारखं. "कोशू"चं पहिलं चिन्ह चार तावदानांची खिडकी, जिच्या मधोमध एक दांडा खाली लोंबतो. दुसरं म्हणजे तीन उभ्या रेघा आणि प्रत्येकीच्या डाव्या अंगाला एक टिंब. ही दोन्ही एकत्र दिसली की तुमची बाटली सापडली. आणि ही दोन्ही दिसली की उच्चाराचा घोळही मिटतो, कारण त्या मुरवलेल्या साकेची चिन्हं पूर्ण वेगळी आहेत. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानात तोच दाखवा, "कोऽशूऽ" ताणत बसायची गरज नाही.

लेबलावर वाणाचं नाव असेल तर त्यात किमान ८५ टक्के तेच द्राक्ष असतं. "जीआय यामानाशी" ही भौगोलिक मानांकनाची खूण दिसली तर आणखी बरं. हे मानांकन २०१३ मध्ये मिळालं आणि वाइनसाठी जपानमधलं ते पहिलं.

शेवटी गोडवा बघा. "काराकुची" म्हणजे ड्राय, गोडी नसलेली, "आमाकुची" म्हणजे गोड. पर्यटनस्थळांवरच्या दुकानांत नायगारा आणि डेलावेअर या अमेरिकी द्राक्षांच्या वाइन पुढे मांडलेल्या असतात. त्यांना गोळ्या-चॉकलेटसारखा घमघमाट असतो आणि बहुतेक गोड असतात. वाईट नसतात, पण साशिमीबरोबर, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांबरोबर, घेतल्या तर दोन्हींचा सत्यानाश.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला १,५०० ते ३,००० येनच्या घरातली बाटली घ्या. महागडी बाटली पहिल्याच खेपेला घेतलीत तर तिच्यात काय जास्तीचं आहे हे कळणारच नाही.

३. कोशूचा कोणता अवतार, ते ठरवा

कोशूचा स्वाद मुळात सौम्य, म्हणून वाइन बनवणाऱ्यांनी तिच्यातून काही काढून घ्यायच्या वेगवेगळ्या युक्त्या शोधल्या. दुकानात साधारण या चार भेटतात.

"स्यूर ली": आंबवल्यानंतर तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावरच वाइन काही महिने ठेवतात. त्यामुळे अंगात थोडा भरीवपणा येतो. पहिली बाटली हीच घ्या.

सुगंधी: २००५ मध्ये शातो मर्शियन या जपानी वाइन कंपनीने "कोशू किइरोका" बाजारात आणली. नावाचा अर्थ पिवळा सुगंध. बोर्दोमध्ये काम करणारे संशोधक ताकातोशी तोमिनागा यांच्या मदतीने कोशूतला पपनसासारखा वास देणारा घटक ओळखला गेला, आणि तो टिकून राहील अशी तोडणी आणि प्रक्रिया ठरवली गेली. तोवर या द्राक्षाला वास नाही असंच सगळे मानत.

लाकडी पिंपातली: ही थोडी जाड, व्हॅनिलाच्या अंगाने जाणारी. मला स्वतःला पिंपाचा वास कोशूवर स्वार झाल्यासारखा वाटतो, पण हा माझा कल.

"कामोशी": सालीसकट आंबवलेली, रंगाने नारिंगी, जिभेवर चहासारखी किंचित तुरट. ही नंतरसाठी ठेवा, तिखटामिठाच्या ताटाबरोबर कामाला येते.

कोशू सोडूनही जपानात पांढऱ्या वाइन आहेत. होक्काइदोत केर्नर आणि म्युलर-थुर्गाऊ ही थंडी सोसणारी जर्मन वाणं, नागानोत शार्दोने. पण त्यांची चव ओळखीच्या युरोपी वाटेने जाते. जपानी ताटासाठी सुरुवात कोशूपासूनच करा.

४. थंड करा, पण बर्फगार नको

फ्रिजमधून काढलेली कोशू लगेच ओतली तर खरोखर पाणीच लागते. १० अंशांच्या आसपास तिचा वास उघडतो. बाटली दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा, कामोशी असेल तर अजून थोडी आधी. ग्लास एक तृतीयांशच भरा. एवढं पुरे.

५. ताट जुळवा

या वाइनमध्ये अल्कोहोल कमी, साधारण ११-१२ टक्के. आंबटपणा सौम्य, वास लिंबाच्या जातीच्या फळांचा, आणि शेवटी सालीतून आलेला हलकासा कडवटपणा. या प्रत्येक गुणाला जपानी स्वयंपाकात जोडीदार आहे.

मासे आधी घेऊ. माशाबरोबर वाइन घेतल्यावर कधी कधी तोंडात गंजट, उग्र वास भरतो. २००९ मध्ये मर्शियनच्या संशोधकांनी वाळवलेले शिंपले बऱ्याच वाइनमध्ये घालून चव तपासली आणि त्यामागे वाइनमधलं लोह असल्याचं दाखवलं. लोह जितकं जास्त, तितका तो वास जास्त. कोशूत लोह सहसा कमी असतं, म्हणून कच्चा मासा, कालवं आणि शिंपले तिच्याबरोबर स्वच्छ लागतात. "सीफूडबरोबर व्हाइट वाइन" हे आपण ऐकून असतो, पण प्रत्येक पांढरी वाइन साशिमीला चालतेच असं नाही.

साशिमी घ्याल तर पांढऱ्या मांसाची: "ताई" किंवा "हिरामे" हे मासे, नाहीतर इका, म्हणजे माकुळ. सोया सॉसमध्ये बुडवू नका. मिठाचे दोन दाणे, सुदाचीचे चार थेंब आणि नखाएवढं वासाबी. हा एवढा एक बदल केलात तरी निम्मं काम झालं. कालवांवर फक्त लिंबू.

तेम्पुरालाही, म्हणजे जपानी भज्यांनाही, तोच नियम. दाशी (मासे किंवा समुद्री शेवाळ उकळून काढलेलं पाणी) आणि सोयाच्या त्या तपकिरी पाण्याऐवजी मीठ मागा, "शिओ दे" म्हटलं की कळतं. वसंतात डोंगरी भाज्यांची तेम्पुरा मिळते, फुकिनोतो आणि तारानोमेची. दोन्ही कडवट कोंब. कोशूच्या शेवटच्या कडवटपणाशी त्यांची जी गट्टी जमते ती मला सगळ्यात आवडते. मेथीची भाजी आवडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

याकितोरीच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या चिकनच्या, दुकानात दोन पर्याय असतात, "शिओ" म्हणजे मीठ आणि "तारे" म्हणजे गोडसर सोयाचा थर. साध्या कोशूला शिओ, कामोशीला तारे. यामानाशीचं खास खाणं म्हणजे "होतो": जाड, रुंद शेवया, लाल भोपळा आणि मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा, रस्सा. त्याच्याबरोबरही कामोशीच बरी, साधी कोशू मिसोपुढे दबते.

युदोफू म्हणजे कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात गरम केलेला टोफू, वर पोंझू, म्हणजे लिंबाचा रस घातलेला सोया सॉस. दिसायला आजारी माणसाचं जेवण. पण हिवाळ्यात स्यूर ली कोशूबरोबर एकदा घेऊन बघा.

६. हे टाळा

तूनाचा तेलकट तोरो आणि साबासारखे (बांगड्याच्या जातीचे) वासाचे मासे साध्या कोशूला झेपत नाहीत. माशांची अंडी, विशेषतः हेरिंगची काझुनोको, जवळपास कुठल्याच वाइनशी पटवून घेत नाहीत. तिथे साकेच घ्या. व्हिनेगरमधल्या सुनोमोनो कोशिंबिरीचं आंबट वाइनच्या आंबटापेक्षा वरचढ झालं की वाइन बेचव लागते, पण लिंबाचं आंबट चालतं. उनागी म्हणजे ईल माशावरचा गोड थर, सुकियाकीचं गोड सोयाचं पाणी, जपानी करी राइस, हे सगळं कोशूला गिळून टाकतं.

आणि वासाबीचा गोळा सोयात कालवून त्यात सगळं बुचकळायची सवय असेल, तर कोशूवर पैसे खर्च करू नका. बिअर बरी.

७. शाकाहारी असाल, किंवा घरचंच जेवण असेल

आमचं अर्धं घर शाकाहारी, त्यामुळे हा भाग अनुभवाचा. जपानी हॉटेलात पालकाच्या साध्या ओहिताशीवरही, म्हणजे उकडलेल्या भाजीवरही, सुक्या माशाचे काप (कात्सुओबुशी) भुरभुरलेले असतात आणि दाशीही बहुधा त्याचीच. "कोंबू दाशी" आहे का ते विचारा, किंवा देवळांतलं शाकाहारी शोजिन र्‍योरी शोधा. त्यातलं तिळाचं टोफू कोशूबरोबर फार छान जमतं.

मराठी ताटातलं सगळ्यात बरं काय लागतं? कोथिंबीर वडी, पण हिरवी मिरची अर्धीच. सुरळीची वडी. दाण्याचं कूट आणि लिंबू घातलेली खमंग काकडी. मासे खात असाल तर ताचिउओ घ्या. ही आपली वाकटीच, इथल्या सुपरमार्केटमध्ये तुकडे करून मिळते. हळद, मीठ, लिंबू लावून, रव्यात घोळवून तळा आणि लाल मसाला एक दिवस विसरा. तांबडा रस्सा, मालवणी सुकं, मिसळ यांच्यापुढे कोशूचं काही चालत नाही. तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतं आणि चव हरवते. तिखट करायचंच असेल तर होक्काइदोची थोडी गोडसर केर्नर आणा. सोलकढी आणि कोशू एकाच ताटात नकोत, दोघींना एकच काम करायचं असतं.

८. जमलं तर कात्सुनुमाला जा

टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून चुओ रेल्वेमार्गावर कात्सुनुमा-बुदोक्यो स्टेशन. जलद गाड्या सगळ्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा ओत्सुकीला उतरून लोकल पकडावी लागली तर घाबरू नका. शेवटच्या लांब बोगद्यातून गाडी बाहेर पडते आणि खाली अख्खं खोरं उघडतं, जिकडे बघाल तिकडे द्राक्षांचे मांडव. त्यासाठी खिडकीची जागा धरा.

स्टेशनवरून समोरच टेकडीवर "बुदो नो ओका" दिसतं. तिथे धातूची एक चपटी वाटी विकत घ्यायची आणि तळघरात उतरून शंभरावर वाइनमधून हव्या त्या चाखायच्या. इथला सापळा उघड आहे: पहिल्या वीस मिनिटांत दहा वाट्या, आणि मग अकरावी कशी होती ते आठवत नाही. पाच कोशू निवडा, मध्ये पाणी प्या, आवडलेल्या बाटलीचा फोटो काढा. दाइझेन्जी हे द्राक्षांचं देऊळ जवळच आहे. त्याचा मुख्य सभामंडप १२८६चा आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेला. जुन्या रेल्वेच्या एका बोगद्यात आता वाइनच्या बाटल्या मुरत ठेवतात.

गाडी चालवत जाऊ नका. एका वाटीनंतरही नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर, ते माहीत असून, शेजारी बसणाऱ्यालाही जपानमध्ये शिक्षा होते, आणि सायकलही या कायद्यातून सुटत नाही. स्टेशनवर भाड्याची सायकल बघून मोह होतो, म्हणून सांगून ठेवते.

बागा बघायच्या तर सप्टेंबर-ऑक्टोबर. नवी वाइन हवी तर ३ नोव्हेंबरला या, त्या दिवशी यामानाशीची त्या वर्षीची पहिली वाइन बाजारात येते. गावात जेवायला थांबलात तर १.८ लिटरच्या, साकेच्या असतात तशा मोठ्या बाटलीतून चहाच्या कपात वाइन ओतणारे आजोबा दिसतील. नाक मुरडू नका, कप पुढे करा.

भारतात न्यायची असेल तर सीमाशुल्काशिवाय माणशी दोन लिटर चालते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

९. उरलेल्या बाटलीचं काय

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस ठीक राहते, त्यानंतर वास उडून जातो. मग ती स्वयंपाकात घ्या. आसारी, म्हणजे तिसऱ्यांसारखे शिंपले, मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून वाळू काढा. तव्यात तेलावर ठेचलेला लसूण घाला, शिंपले टाका, वाटीभर कोशू ओता आणि झाकण ठेवा. चार मिनिटांत तोंडं उघडतात. ज्यांचं उघडलं नाही ते फेकून द्या. वर कांद्याची पात घाला. मीठ चाखून मगच, कारण शिंपल्यांचं खारं पाणी आधीच उतरलेलं असतं. आणि तळाशी उरलेला रस्सा भाताबरोबर खा, टाकू नका.